रूपाची साक्ष

देगलूरपासून जवळच होट्टल नावाचे गाव आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मंदिरे तेथे आहेत, आणि सिद्धेश्वराच्या मंदिराच्या बाह्यभिंतीवर सुरसुंदरी उभ्या आहेत. तशाच सुरसुंदरी लातूर जिल्ह्यात निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या मंदिरावरही आढळतात. कोणी केस पिळीत आहे, कोणी पत्र लिहीत आहे, आणि हातात आरसा धरून स्वतःचे मुख न्याहाळणारी दर्पणा तर या मूर्तिसमूहातील नेहमीचीच नायिका होय. या सर्वांची कटी मुठीत मावेल अशी, नितंब विशाल, वक्ष वर्तुळाकार आणि अंगावर सुरकुती म्हणून नाही. अशी स्त्री पृथ्वीवर कधी चालली असेल असे मानण्यास शरीरशास्त्र परवानगी देणार नाही.

हा दाखला आम्ही प्रारंभीच देण्याचे कारण असे की, जाहिरातींतील खोट्या देहांविषयी बोलणारे लोक पुष्कळदा अशी समजूत करून घेतात की, अशक्य सौंदर्य ही आमच्या काळाने केलेली नवी करणी आहे. ती समजूत इतिहासाला धरून नाही. लातूरपासून फार लांब नसलेल्या तेर या प्राचीन नगरीत हस्तिदंताची एक स्त्रीप्रतिमा मिळाली असून, तिची जवळची बहीण इटलीतील पाँपेईच्या भग्नावशेषांत १९३८ साली सापडली. म्हणजे स्त्रीदेहाचा आदर्श जहाजात घालून परदेशी पाठविण्याचा व्यापारही आम्हांस नवा नाही. मग नवे काय आहे? होट्टलच्या पाथरवटाने कोणालाही असे सांगितले नाही की, ही अमक्याची सून आहे आणि ती अशीच दिसते. त्याच्या शास्त्रात ताल नावाचे माप होते, त्या मापाने तो देव घडवी, अप्सरा घडवी. आणि पाहणाऱ्यासही ते ठाऊक असे. विहिरीवरून पाणी घेऊन येणारी बाई त्या मूर्तीकडे पाहून नमस्कार करी, फार तर हसे. परंतु घरी जाऊन आपल्या कमरेस दोरी लावून पाहत नसे. त्या मूर्तीपाशी रूप होते, साक्ष नव्हती. ही साक्ष तिला केव्हा व कशी मिळाली, हाच आमच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम रंगीत छाप आला. विलायती गिरण्यांचे कापड हिंदुस्थानातील पेठांत येई तेव्हा प्रत्येक ताग्यावर एक रंगीत तिकीट चिकटविलेले असे. त्यावर कधी देवता, कधी राजा, कधी नटलेली स्त्री. ज्यास आज वस्त्राची जाहिरात म्हणतात तिचे आमच्याकडील हे आद्य रूप मानावयास हरकत नाही. पुष्कळ घरांत कापड फाटून गेले तरी तिकीट मात्र पेटीच्या झाकणाला आतून चिकटून राहिले. त्यानंतर राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला. १८९४ साली तो मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. लक्ष्मी आणि सरस्वती त्याने भिंतीभिंतीवर नेऊन बसविल्या, त्यांना आमच्या ओळखीचे लुगडे नेसविले आणि मांसल, उजळ, घरंदाज स्त्रीचे रूप दिले. देवी माणसासारखी दिसू लागली हे खरे; पण त्यामुळेच माणसाने देवीसारखे दिसावे ही अपेक्षाही त्याच भिंतीवर टांगली गेली. साबण विकणाऱ्यांनी व बालान्न विकणाऱ्यांनी या चित्रांच्या दिनदर्शिका काढल्या, तेव्हा लक्ष्मीच्या पायांशी दुकानदाराचे नाव आले. तरीही हे चित्रच होते, आणि चित्र खोटे बोलते हे मुलांनाही माहीत असते.

खरी उलथापालथ छायाचित्राने केली. प्रकाशाने काचेवर स्वतः लिहिलेला मजकूर अशी त्याची ख्याती होती. न्यायालयाने मानावा असा तो पुरावा. पण या सत्यवादी यंत्राच्या जन्मापासून त्याच्या शेजारी एक पेन्सिल ठेवलेली होती, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १८५५ साली पॅरिसच्या महाप्रदर्शनात एका जर्मन छायाचित्रकाराने एकाच व्यक्तीची दोन चित्रे शेजारी लावली, एक जसेच्या तसे आणि दुसरे हात फिरविलेले. लोकांनी गर्दी केली. इतिहासकार सांगतात की, हात फिरविण्याची सोय झाल्याची वार्ता पसरली तसा छायाचित्र काढून घेण्याचा ओढा वाढला. सत्याची ख्याती आणि असत्याची सोय एकाच दुकानात मिळू लागली, तर गिऱ्हाईक कोणत्या दुकानी जाईल हे सांगावयास नको.

नांदेड व लातूर ही गावे त्या वेळी निजामाच्या राज्यात होती, आणि त्या राज्याची राजधानी ही छायाचित्रकलेची मोठी पेठ होती. लाला दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे, महबूब अली खानांचे, दरबारी छायाचित्रकार. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी निराळी चित्रशाळा काढली आणि ती एका इंग्रज बाईच्या हाती सोपविली. ज्या स्त्रियांचे मुख परपुरुषाने पाहिले नव्हते त्यांचे मुख काचेवर उतरू लागले. राजधानीतील ही हौस पुढे जिल्ह्यांच्या गावी आली, आणि सरकारी कचेऱ्या, वकील व आडते असलेल्या प्रत्येक गावात पडदा, खुर्ची आणि कागदी फुलांची कुंडी घेऊन कोणीतरी फोटोवाला बसला.

या फोटोवाल्याची कारागिरी थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. काचेवर उमटणारी प्रतिमा उलटी असते. जे काळे ते पांढरे, जे पांढरे ते काळे. गालावर खड्डा असेल तर त्यातील सावली काचेवर पारदर्शक ठिपका होऊन येते. फोटोवाला ती काच उताराच्या मेजावर ठेवी, खालून आरशाने उजेड घेई, काचेस एक प्रकारचे रोगण लावी आणि सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल घेऊन तो ठिपका भरून काढी. छाप घेतला की गाल सपाट! सुरकुतीस हीच युक्ती. आणि कोठे काळे वाढवावयाचे असेल तर काचेवरचा थर चाकूने खरवडावयाचा. त्या काळी देवीच्या रोगाने ज्यांचे चेहरे खणले गेले नव्हते अशी घरे थोडीच. त्यामुळे ही पेन्सिल मुलीच्या लग्नाच्या कामी फार उपयोगी पडे, हे निराळे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट अशी की, त्या काळच्या काचा आमच्या कातडीला अनुकूल नव्हत्या. त्यांच्यावरील द्रव्यास निळा प्रकाश चटकन समजे. तांबूस-पिवळा रंग त्यास दिसेच ना. गव्हाळ वर्णाची मुलगी त्यामुळे छायाचित्रात असे त्याहून कितीतरी काळी येई. सर्व रंगांस सारखा प्रतिसाद देणाऱ्या काचा विसाव्या शतकात, तिसऱ्या-चौथ्या दशकापासून सर्रास वापरात आल्या. तोवर फोटोवाला पावडर लावी, पेन्सिल फिरवी आणि उजळपणा 'परत' देई. म्हणजे जी गोष्ट प्रथम यंत्राची चूक दुरुस्त करण्यासाठी होती, तीच हळूहळू मुलीची चूक दुरुस्त करण्यासाठी होऊन बसली. या संक्रमणाचा दिवस कोणत्याही रोजनिशीत सापडणार नाही. पण वधूवरसूचकाच्या भाषेत त्याच्या खुणा आहेत. ज्या भाषेने सावळ्या विठ्ठलाला सुंदर म्हटले, जिच्यापाशी गव्हाळ, निमगोरी, सावळी, काळीसावळी असे बारीक भेद करणारे शब्द होते, ती भाषा लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' या एका शब्दावर येऊन थांबली.

आमच्या घरी आमच्या पणजीचे एक छायाचित्र आहे. नांदेडला एका फोटोवाल्याकडे ते काढले, निजामी अमल असताना. काठापदराचे लुगडे, हातात पुस्तक (तिला वाचता येत नव्हते), आणि मुख लोण्यासारखे नितळ. आमची आजी मात्र सांगे की, तिच्या आईच्या गालांवर देवीचे व्रण इतके होते की लहानपणी ती त्यांत बोट घालून मोजत असे. आमच्या घरातील मुलांनी ही पणजी फक्त त्या चौकटीत पाहिली आहे. तिचे व्रण सांगितले तर त्यांस पटत नाही; चित्र समोर आहे ना! व्रण असलेल्या आणि तरीही घर चालविणाऱ्या, सगळ्यांच्या लाडक्या बाईची आठवण एका पेन्सिलीने आमच्या कुटुंबातून पुसून टाकली.

असो. जाहिरातीने छायाचित्र उचलले तेव्हा ही पेन्सिलही तिच्या हाती आपोआप आली. अफगाण स्नो हे देशी मलम १९१९ साली मुंबईत निघाले. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. त्या साबणासाठी मुख देणारी ती पहिली हिंदी नटी. येथपर्यंत जाहिरात मुखापुरती होती. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आले, आणि वर्ण ही नोकरी, विवाह व आत्मविश्वास यांची किल्ली आहे असे ते घरोघर सांगू लागले. २०२० साली त्याने नाव बदलले. मधल्या पंचेचाळीस वर्षांत जी पिढी वाढली तिचे नाव कोण बदलणार?

मुखानंतर देहाची पाळी आली. आणि येथे मराठवाड्याचा इतिहास ध्यानात घेतला नाही तर झालेल्या बदलाचे मोल कळणार नाही. हा दुष्काळी मुलूख. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका आणि त्यांच्या पोरांच्या हातावर पडणारी सुकडी पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास रेल्वेने पाणी आणावे लागले, ही तर कालची गोष्ट. अशा मुलखात कृश असणे म्हणजे पोटास नसणे. 'अंगाने भरली आहे' ही सुनेची स्तुती होती, 'बाळसे धरले' हा आशीर्वाद होता आणि 'हडकुळी' ही शिवी होती. त्याच मुलखात 'सडपातळ' हा शब्द एका पिढीच्या आत स्तुतीच्या जागी येऊन बसला. जिची आजी भाकरीसाठी खडी फोडीत होती, ती मुलगी भाकरी पुढे असताना ताट सरकवते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, रक्तक्षयी आढळल्या, आणि जवळजवळ पाचांतील एक प्रमाणाहून कृश. या मुलखातील मुलींस आणखी बारीक व्हा असे सांगणारे चित्र हे केवळ अभिरुचीचे प्रकरण राहत नाही.

आणि ते चित्र तरी कोणाचे? अमेरिकेतील टॉमस आणि जॉन नोल या बंधूंनी रचलेली फोटोशॉप नावाची संगणक-प्रणाली १९९० साली बाजारात आली. तिची करामत दाखविण्यासाठी आरंभी जे छायाचित्र वापरीत, ते जॉनच्या प्रेयसीचे होते. समुद्रकाठी पाठमोरी बसलेली स्त्री. या प्रणालीत एकाची दोन करून दाखविली गेलेली पहिली माणसे शोधू लागलो तर तीत प्रथम स्त्रीदेहच सापडावा, हा योगायोग बोलका आहे. पेन्सिलीस तास लागत, संगणकास क्षण पुरे झाला. पेन्सिल व्रण भरी. संगणक कंबर कापू लागला, मान लांबवू लागला, मांड्यांमध्ये फट पाडू लागला. २०११ साली एका जगप्रसिद्ध वस्त्रव्यापारी कंपनीने, एच अँड एमने, कबूल केले की तिच्या अंतर्वस्त्रांच्या चित्रांतील शरीरे संगणकाने बनविलेली असून त्यांवर खऱ्या तरुणींची केवळ शिरे बसविली आहेत. एकच धड, निरनिराळी मुखे, आणि मुखाप्रमाणे धडाचा रंग बदललेला. हे वाचताना आम्हांस होट्टलच्या पाथरवटाची आठवण झाली. त्यानेही एकाच मापाने अनेक सुंदरी घडविल्या होत्या. परंतु त्याने त्यांना छायाचित्र म्हटले नव्हते, आणि त्यांच्या अंगावरचे वस्त्र विकावयास काढले नव्हते.

चित्राने माणसाचे अन्न सुटते काय, अशी शंका पुष्कळ जाणती माणसे घेतात. तिचे उत्तर पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर मिळते. तेथेही भरदार अंग हेच घराण्याच्या सुबत्तेचे चिन्ह होते. १९९५ साली नाद्रोगा प्रांतात दूरदर्शन आले. अ‍ॅन बेकर या अमेरिकन विदुषीने त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींना प्रश्न विचारले, प्रत्येक वेळी साठ-पासष्ट मुलींस. पहिल्या वेळी वजन उतरविण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनी शंभरांत अकरा निघाल्या. मुली थोड्या, हे मान्य. आणि तेथे दिसली ती परदेशी नाटके अधिक होती, जाहिराती कमी. पण ज्या बेटावर तोवर 'तू वाळलीस' हे वाक्य काळजीने उच्चारले जाई, त्या बेटावरची ही गोष्ट आहे. मराठवाड्यातील आजीही हेच वाक्य त्याच स्वराने उच्चारते.

गोरेपणाच्या हव्यासाचा हिशेब तर शरीरावर थेट लिहिला जातो. काही उजळ करणाऱ्या मलमांत पारा असतो. कातडीत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया तो रोखतो, आणि अंगात मुरून मूत्रपिंडे बिघडवितो. अकोल्यातील एकाच घरातील तिघी स्त्रियांस असा विकार झाल्याचे २०२३ साली उघडकीस आले, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत मलमातच पारा सापडला. त्याच सुमारास केरळात मलप्पुरमकडील वैद्यांनाही असेच रुग्ण आढळले. चित्रातला गाल संगणकाने उजळला होता. तो उजळ करण्याचे मलम जगात कोठेच नव्हते. म्हणून जे मिळाले ते लावले गेले.

परदेशी सरकारांनी कायदे केले आहेत. इस्रायलने २०१२ साली, फ्रान्सने २०१७ च्या ऑक्टोबरपासून आणि नॉर्वेने २०२२ पासून, देह बदललेल्या जाहिरातीवर तसे लिहिण्याची सक्ती केली. फ्रान्समध्ये न लिहिणाऱ्यास साडेसदतीस हजार युरोंपर्यंत दंड. इंग्लंडमध्ये २०११ साली जाहिरात-नियामकांनी लोरियाल कंपनीच्या दोन जाहिराती बंद केल्या. ज्युलिया रॉबर्ट्सचे मुख त्यांतील एकीत होते, आणि मूळ चित्र दाखवून कंपनीला आपला दावा सिद्ध करता आला नाही. आमच्या देशात जाहिरातदारांच्या स्वनियामक परिषदेने २०१४ साली सावळ्या वर्णास हीन लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. हे सर्व स्वागतार्ह आहे, पण इलाज म्हणून आमचा त्यावर भरवसा नाही. ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, 'हे चित्र बदललेले आहे' ही ओळ वाचूनही पाहणाऱ्या तरुणींचे स्वतःच्या देहाविषयीचे असमाधान कमी झाले नाही. कोणता अवयव बदलला हे लिहिले, तर नजर उलट त्याच अवयवाकडे अधिक गेली. हे असेच व्हावयाचे. छायाचित्रावरचा विश्वास अक्षरे वाचून बसलेला नाही. तो अक्षरे वाचून उठणार कसा?

शिवाय आता पेन्सिल सर्वांच्याच हाती आहे. लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्यांतील कोणत्याही रस्त्याने चालत निघा, वाढदिवसाचे फ्लेक्स दिसतील, आणि त्यांवरील नेते, कार्यकर्ते व शुभेच्छुक एकाच पिठाच्या गोळ्यातून काढल्यासारखे गोरे. उन्हातान्हात गावे पालथी घालणाऱ्या पुढाऱ्यास आपला रापलेला चेहरा लपवावासा वाटावा, यातील विनोद आम्हांस दर वेळी नव्याने जाणवतो. याच शहरात 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने साऱ्या मराठवाड्यातील सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली खोल्या घेऊन राहतात. आई जवळ नाही, डबा आवडत नाही, परीक्षेचे ओझे डोक्यावर, आणि हातातला फोन मुख दाखविण्यापूर्वीच ते गुळगुळीत करून दाखवितो. पूर्वी परक्या नटीच्या चित्राशी तुलना होई. आता मुलगी आपल्याच सुधारलेल्या चित्राशी स्वतःला ताडून पाहते आणि आरशात उणी ठरते. दर्पणेच्या हातचा आरसा निदान जे समोर असे तेच दाखवी.

काही वर्षांपूर्वी आमच्या पणजीच्या फोटोवाल्याच्या वारसांनी दुकान मोडले, तेव्हा जुन्या काचांच्या पेट्या त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी वाटून टाकल्या. आमच्या वाट्यास पणजीची काच आली. सरळ धरली तर तिच्यात तेच नितळ मुख उलट्या रंगांत दिसते. पण खिडकीशी नेऊन तिरपी धरली की पृष्ठभागावर शिशाची बारीक चमक उठते. दोन्ही गालांवर, कपाळावर, हनुवटीपाशी एकेक ठिपका. फोटोवाल्याने प्रत्येक व्रण निराळा भरला होता. आमच्या धाकट्या मुलीने काच डोळ्यांशी धरून ते मोजले. उजव्या गालावर एकतीस भरले. डाव्या गालावर मोजता मोजता ती चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.